बरणीतल्या चिठ्ठ्या

माशाची चिठ्ठी बरणीच्या बाहेर चिकटवायची नसते, आत टाकायची असते. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं गेलं आणि पुढे वीस वर्षं मी ते मुलांना शिकवलं. बाहेरची चिठ्ठी दमट हवेत सुटते, झुरळं तिची खळ खातात. आतली चिठ्ठी माशाबरोबर राहते. जाड कागद घ्यायचा, शिसपेन्सिलीने लिहायचं. मासा कुठे सापडला, केव्हा सापडला, कोणी धरला आणि त्याचं नाव काय. नाव सगळ्यात शेवटी, कारण नाव चुकलं तर खोडता येतं, मासा समोरच असतो. ठिकाण हरवलं तर ब्रह्मदेवालाही ते परत आणता येत नाही. हे सगळं मी वर्गात खडू आपटून आपटून सांगितलं. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, त्याला मात्र कधी सांगितलं नाही.

मी जुन्नरची. आमचं घर कापडवाल्यांचं, जैन. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. आमच्याकडे पावसाळ्यात पालेभाजी बंद, कांदा-लसूण तर उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि त्या घरातली मुलगी प्राणिशास्त्र शिकून माशांच्या बरण्या भरू लागली. घरात काय झालं असेल ते सांगायला नको. आई माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मासे टिकवायच्या फॉर्मेलिनचा वास तिला स्वयंपाकघरात यायचा आणि खरं सांगायचं तर तो होताच. वडील मात्र ओरडले नाहीत. गादीवर बसून, कापडाचा गठ्ठा पुन्हा घडी घालता घालता ते एवढंच म्हणाले, "जीव मारायचा, तर तो कशासाठी मारला ते सांगता आलं पाहिजे. तुला येतं का?"

मला येत होतं. मी म्हणाले, "नाव ठेवण्यासाठी. नाव नसलेला जीव मेला तर कोणाला कळतही नाही." तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि आपण फार मोठं काही तरी बोललो असं मला वाटलं होतं.

नोकरी लागली ती आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात. प्रयोगशाळा म्हणजे दोन काचेची कपाटं, चार मायक्रोस्कोप, त्यांतला एक नीट चालणारा. पण बाहेर घोड नदी होती. तिच्या वरच्या अंगाला आहुप्याचे, तळेघरचे, भीमाशंकरच्या कुशीतले ओढे होते आणि त्या ओढ्यांतल्या माशांकडे किती तरी वर्षांत कोणी नीट पाहिलं नव्हतं. मी शनिवारी एसटीने शिनोलीपर्यंत, कधी पुढे तळेघरपर्यंत जायची आणि उरलेलं चालायची. रविवारी संध्याकाळी बरण्यांची पिशवी मांडीवर घेऊन परत. कंडक्टर मला मागच्या सीटवर बसवायचा.

माशांच्या नावांनी मला वेड लावलं होतं, हे कबूल करते. कंपनी सरकारच्या काळात एका साहेबाने दख्खनचे मासे लिहून काढले. त्याने कोळ्यांना विचारलं, ह्याला काय म्हणता, आणि ते जे म्हणाले ते लॅटिनच्या शेजारी बसवून टाकलं. त्यामुळे आजही जगातल्या कुठल्याही संग्रहालयात दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा आपला मळ्या हा गारा मुल्या असतो आणि मोठ्या खवल्यांचा खुद्री हा टॉर खुद्री. नाकावर खोल खाच असलेल्या नुकट्याचं पहिलं नाव ग्रीक आहे, फाटक्या नाकाचा अशा अर्थाचं, आणि दुसरं नाव नुक्टा, आपलं मराठी. दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खाणारा एक मासा पुढे आपल्याच एका माणसाने शोधला आणि त्याचं नाव सरळ खवलचोर ठेवलं. ते तसंच जगभर चालतं. पाठीवर काट्यांची रांग असलेल्या वामेचं नाव आर्मेटस, म्हणजे हत्यारबंद. आपल्या बांधावरचा खेकडा कुनिक्युलॅरिस, सशासारखी बिळं करणारा. मी हे वर्गात सांगायची तेव्हा मुलं पहिल्यांदा हसायची आणि मग आपापल्या गावातल्या माशांची नावं ओरडायची. त्या दहा मिनिटांसाठी मी ती नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल.

जिला मी पुढे मावशी म्हणू लागले, ती बाई मला अशाच एका शनिवारी भेटली. तिचं गाव धरणाच्या पाण्यात जाणार होतं. भिंतीचं काम कधीचं चाललं होतं, नोटिसा आल्या होत्या, घरांच्या भिंतींवर नंबर पडले होते. गावाखालच्या ओढ्यात ती आणि तिची सून जुनं लुगडं दोन टोकांना धरून उभ्या होत्या. वरच्या अंगाने दगड हलवायचे, पाणी गढूळ करायचं आणि घाबरून खाली आलेले मासे लुगड्यात अडकवायचे, अशी त्यांची रीत. लुगड्यात मळ्या होते, खेकड्याची पिल्लं होती आणि चार-पाच मुऱ्या. मुरी म्हणजे बोटाएवढा, वाळूत तळाशी राहणारा, ओठांना मिशा असलेला मासा. शास्त्रात त्याच्या कुळाचं नाव नेमाकायलस. नेमा म्हणजे दोरा, कायलस म्हणजे ओठ. दोऱ्याच्या ओठांचा.

त्या मुऱ्या मी हातात घेतल्या आणि थांबले. बाकी ओढ्यांतल्या मुरीच्या अंगावर रुंद पट्टे असतात. ह्यांच्या अंगावर पट्टे शेपटीकडे तुटत गेले होते आणि शेपटीच्या मुळाशी एक काळी चंद्रकोर होती. मी पुस्तकं पाहिली होती, त्यांत ही नव्हती. एक मुरी मी दोन बोटांत हलकेच धरून उन्हाकडे केली.

"काय झालं वं बाई?" मावशी म्हणाली. "चावत न्हाई ती."

मी तिला सांगितलं, ही मुरी कदाचित जगात कोणालाच माहीत नाही. ती हसायला लागली. "आमाला हाय की माहीत. लई गोड लागती."

मग दगडावर बसून मी तिला नाव कसं ठेवतात ते सांगितलं. पहिलं नाव कुळाचं, दुसरं त्याचं स्वतःचं. दुसरं नाव रूपावरून ठेवता येतं, कोणा माणसावरून ठेवता येतं, नाही तर गावावरून. गावाच्या नावाला एन्सिस असं शेपूट लावायचं. एन्सिस म्हणजे तिथला, तिथे राहणारा. ती सगळं नीट ऐकत होती. सुनेने लुगडं पिळून दगडावर वाळत घातलं.

"माणसावरनं ठिवायचं तर कुणाचं ठिवत्यात?"

मी म्हणाले, "ज्याने मदत केली त्याचं. तुमचंही ठेवता येईल."

"माजं नगं," ती लगेच म्हणाली. "मी काय, आज हाय उद्या न्हाई. गावाचं ठिवा. गाव तर बुडतंयच. नकाशातनं बी काडतील म्हनं. माशाच्या नावात ऱ्हाईल का?"

"राहील," मी म्हणाले. "जग असेपर्यंत. तो नियमच आहे, एकदा छापलेलं नाव कोणाला पुसता येत नाही."

"मंग ठिवा," ती म्हणाली आणि त्या पाचही मुऱ्या तिने स्वतःच्या हाताने माझ्या बरणीत सोडल्या. फॉर्मेलिनमध्ये मासा कसा तडफडतो ते तिने पाहिलं आणि तोंड फिरवलं. मीही फिरवलं. मग मी चिठ्ठी लिहिली, त्यात गावाचं नाव लिहिलं आणि कोणी धरला तिथे मावशीचं.

यानंतर मी जे केलं ते इतकं सामान्य आहे की त्याची मला आजही चीड येते. मी काहीच केलं नाही. म्हणजे केलं ते सगळं दुसरंच केलं. पेपर तपासले, जनगणनेचं काम आलं ते केलं, घरच्यांनी दाखवलेली दोन स्थळं नाकारली, प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासली. आणखी नमुने हवेत, दुसऱ्या ओढ्यांतल्या मुऱ्यांशी ताडून पाहायला हवं, म्हणून आहुप्याच्या, तळेघरच्या, इकडे कुकडीच्या बाजूच्या मुऱ्याही आणून ठेवल्या. सात-आठ बरण्या झाल्या. पराचे काटे मोजायचे, मिशा मोजायच्या, चित्रं काढायची, पुण्याला जाऊन जाणकारांना दाखवायचं, हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत करू, मेच्या सुट्टीत करू, असं दोन वर्षं चाललं. एकच चित्र काढलं होतं, तेही अर्धं. मासा कुठे पळून जाणार आहे, असं मी म्हणायची. फॉर्मेलिनमध्ये तो शंभर वर्षं टिकतो.

प्रयोगशाळेत एक मामा होते. कॉलेजात शिपायाला मामाच म्हणतात. ते शिनोलीकडचे, घरची शेती असलेले, नदीवर लहानाचे मोठे झालेले. कमी बोलणारे, कष्टाळू, टापटिपीचे. मुलांनी फोडलेल्या स्लाईडसुद्धा ते कागदात बांधून ठेवायचे. त्यांना बरण्यांचा वास सहन व्हायचा नाही, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्या वर्षी कॉलेजला तपासणी येणार होती आणि मी जाता जाता त्यांना म्हणाले होते, "मामा, कपाटं किती घाण दिसतात. काचांच्या आत काही दिसत नाही." बस्स, एवढंच. मग मी दसऱ्याला जुन्नरला गेले.

खंडेनवमीला आपल्याकडे सगळी हत्यारं धुऊन पुजतात. नांगर, कोयता, शिवणयंत्र, एसटीची गाडी, छापखान्याचं मशीन. मामा दर वर्षी प्रयोगशाळेत पूजा मांडायचे. मायक्रोस्कोप पुसायचे, कात्र्या-चिमटे उकळत्या पाण्यातून काढायचे, हळदी-कुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायची. त्या वर्षी त्यांना वाटलं, बाईंचं हत्यार म्हणजे ह्या बरण्याच. दिवसभर खपून त्यांनी दोन्ही कपाटं रिकामी केली. फॉर्मेलिन फडक्यातून गाळून प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ठेवलं, मासे घमेल्यात काढले, बरण्या राखेने घासून ओसरीत उपड्या घातल्या. आणि चिठ्ठ्या ओल्या होत्या म्हणून एकेक सुटी करून, वर्तमानपत्रावर मांडून, वर खडे ठेवून उन्हात वाळवल्या. संध्याकाळी सगळं परत भरलं. प्रत्येक बरणीत फॉर्मेलिन, प्रत्येक बरणीत मासे, प्रत्येक बरणीत एक चिठ्ठी.

दसऱ्यानंतर मी आले तेव्हा कपाटं आरशासारखी लखलखत होती. प्रत्येक बरणीच्या झाकणाला कुंकवाचं बोट होतं. मी पहिल्यांदा खूश झाले. खरंच झाले, मामांना तसं म्हणालेही. मग वरच्या खणातल्या वामेच्या बरणीकडे नजर गेली. आत, वामेच्या पोटाशी, मावशीच्या नावाची चिठ्ठी टेकून उभी होती.

"मामा," मी म्हणाले, "ह्या चिठ्ठ्या कोणी घातल्या?"

"मीच की," ते म्हणाले. "एक बी हारवली न्हाई बाई. मोजून घातल्यात. जेवड्या बरन्या तेवड्या चिठ्ठ्या."

"आणि मासे?"

"मासं तर लई नीट लावल्यात. मळ्यात मळ्या, खुद्रीत खुद्री. मुऱ्या सात-आठ बरन्यात उगा थोड्या थोड्या व्हत्या, त्या सगळ्या येका घमेल्यात घिऊन सारख्या वाटून घातल्या. एक बी मासा दुसऱ्या जातीत गेला न्हाई. बगा तुमी."

मी पाहिलं. ते खरं होतं. शंभरेक मासे त्यांनी वेगळे केले होते आणि एकाचीही जात चुकवली नव्हती, माझ्या बी.एस्सी.च्या एकाही मुलाला ते जमलं नसतं. चिठ्ठ्यांवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्यांच्या लेखी मुरी ती मुरी. घोडेतली काय, कुकडीतली काय. ज्या कोळ्यांच्या नावांचं मी वर्गात कौतुक करायची, त्या सगळ्या नावांत हेच शहाणपण होतं, आणि त्यानेच माझं वाटोळं केलं.

मी मामांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वयाने वडिलांएवढ्या माणसाला मी अक्कल काढून बोलले. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. मुलं दारात जमली होती. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत त्या कपाटांना त्यांनी हात लावला नाही, आणि मी त्यांची माफी मागितली ती फार उशिरा, दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीच्या निमित्ताने, अर्धवट.

घमेल्यातून परत आलेल्या मुऱ्या मी आठवडाभर भिंगाखाली घालून बसले. दोन वर्षं फॉर्मेलिनमध्ये राहून त्यांचे रंग गेलेच होते. जिच्यावर मी भाळले होते ती चंद्रकोर काहींत पुसट दिसायची, काहींत दिसते असं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी दिसायची नाही. पट्टे तुटलेले तर बऱ्याच जणींचे होते. मी स्वतःलाच फसवते आहे की काय ते मला कळेना. शेवटी सगळ्या मुऱ्या घेऊन पुण्याला एका वयस्कर जाणकारांकडे गेले. ते फार सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चित्र पाहिलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ह्यातली कुठली कुठून आणली हे तुम्ही शपथेवर सांगू शकता?"

मी नाही म्हणाले.

"मग पुन्हा आणा," ते म्हणाले. "नवी असेल तर तिथे मिळेलच. जागेचा पत्ता नसेल तर बाई, हे नुसते मेलेले मासे आहेत."

नुसते मेलेले मासे. वडिलांनी गादीवर बसून विचारलं होतं ते नेमकं हेच होतं.

पुन्हा आणायला मी गेलेही. त्या पावसाळ्यात धरणात पहिल्यांदा एवढं पाणी साठलं होतं. जिथे एसटी वळायची त्याच्या पुढे रस्ता सरळ पाण्यात उतरत होता. ओढा नव्हता, दगड नव्हते, लुगडं वाळत घातलेली शिळा नव्हती, गावही नव्हतं. गढूळ, स्थिर पाणी, आणि त्यात एका आंब्याचा शेंडा. मुरीला वाहतं पाणी आणि खालची वाळू लागते, असल्या साठलेल्या पाण्यात ती राहत नाही. मी वरच्या अंगाला दोन दिवस ओढे धुंडाळले. मुऱ्या मिळाल्या. रुंद पट्ट्यांच्या, नेहमीच्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही वर्षी गेले. मग जाणं सोडलं. ती वेगळी होती की नव्हती हे आता कोणालाही कधीच कळणार नाही. ह्या वाक्याची सवय व्हायला मला काही वर्षं लागली आणि अजूनही ती पुरती झालेली नाही.

मावशी मला घोडेगावच्या बाजारात भेटली. गाव उठून खाली माळावर वसलं होतं. पत्र्याची घरं, ओळीत. ती वाळली होती. मला पाहिल्यावर तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, ठिवलं का वं नाव?"

मला खरं सांगता आलं असतं. सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण ती ज्या उतावीळपणे बघत होती ते पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेवलं, मावशी."

"काय ठिवलं?"

मी सांगितलं. नेमाकायलस, आणि पुढे तिच्या गावाच्या नावाला एन्सिस. तिने ते माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं, स्वतः म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. मग शेजारी भाजी घेऊन बसलेल्या बाईला ऐकवलं. "आमच्या गावाचं हाय," ती तिला म्हणाली. "जग हाय तवर पुसत न्हाई."

नाव छापलं जावं लागतं, त्याच्याबरोबर वर्णन असावं लागतं, आणि कुठल्या तरी संग्रहालयात तो नमुना असावा लागतो. ह्यातलं काहीच नसेल तर त्या नावाला शास्त्रात उघडं नाव म्हणतात, अंगावर काही नसलेलं. कोणी ते मोजत नाही. ह्या लेखात मी ते नाव पुरतं लिहिलेलं नाही. एकदा तोंडाने बोलून झालं, तेवढं पुरे.

पण ते तेवढ्यावर राहिलं नाही. दोन हजार सालानंतर केव्हा तरी मावशीची सून कॉलेजात आली. तीच, लुगड्याचं दुसरं टोक धरणारी. नव्या वस्तीत त्यांनी ग्रामदेवतेचं देऊळ बांधलं होतं, त्यावर दगडी पाटी बसवायची होती. पाटीवर जुन्या गावाचं नाव आणि त्याखाली माशाचं. मावशीचा हट्ट होता. "पाथरवट म्हनतो इंग्रजीत लिवून आना," सून म्हणाली. "मॅडम, चुकू नका. दगडावर खोडता येत न्हाई."

मी लिहून दिलं. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द सगळा लहान अक्षरांत, आणि दोन्ही शब्द तिरपे, शास्त्राचा नियम आहे म्हणून. पाथरवटाला तिरपं कोरता येत नसेल तर खाली रेघ मारायला सांगा, असंही म्हणाले. ज्या नावाला अस्तित्वच नव्हतं, त्याचे सगळे नियम मी पाळले. सून गेल्यावर मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. माझी मलाच किळस आली.

आमच्यात पर्युषणाच्या शेवटी संवत्सरी असते. त्यानंतर घरोघर जाऊन, हात जोडून म्हणायचं, मिच्छामि दुक्कडम्. माझ्याकडून जे वाईट घडलं ते व्यर्थ होवो. पत्रं पाठवतात, फोन करतात. सगळ्या जिवांची क्षमा मागायची, पाण्यातल्यासुद्धा. लहानपणापासून मी ते पाठ म्हणत आले. एका वर्षी मात्र ते म्हणताना मावशी आठवली आणि दुसऱ्या दिवशी मी उठून माळावरच्या वस्तीकडे गेले. पर्समध्ये ती चिठ्ठी होती. वामेच्या बरणीतून काढून मी ती जपून ठेवली होती, गावाचं नाव आणि तिचं नाव असलेली. ती तिच्या हातात ठेवून सगळं सांगायचं, असं एसटीत दहा वेळा ठरवलं.

मावशी देवळाच्या पायरीवर बसली होती. मोतीबिंदूने तिचे डोळे जवळजवळ गेले होते. सुनेने माझं नाव सांगितलं तेव्हा तिने हात पुढे केला आणि माझा हात धरून मला पाटीपाशी नेलं. पाटीवर हळदी-कुंकू होतं, फुलं होती. अक्षरांवरून बोट फिरवत तिने ते नाव म्हटलं. एकही अक्षर चुकलं नाही. माझी पोरं वर्षभर शिकून चुकतात.

मी हात जोडले. म्हणाले, "मावशी, मिच्छामि दुक्कडम्."

"म्हंजी काय?"

"माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

ती हसली. दात राहिले नव्हते. "तुमचं काय चुकायचंय, बाई?" ती म्हणाली. "घरं गेली, रानं गेली, देव बी उचलून आनला. कुणी काय ठिवलं न्हाई आमचं. तुमी तेवडं गाव ठिवलं."

सुनेने चहा आणला. तो मी प्यायले. मग मावशी म्हणाली, माज्या तोंडून नीट येतं का बगा, नाही तर तुमीच म्हना येकदा, दुनियेत कसं म्हनत्यात ते ऐकू द्या. वस्तीतल्या दोन-चार बायाही जवळ येऊन उभ्या राहिल्या. पर्सवर हात ठेवून मी पाटीकडे तोंड केलं आणि मोठ्याने, स्पष्ट, दोन्ही शब्द वाचून दाखवले.